तारेचे दोन मुखवटे

रुआँ, ३ फेब्रुवारी १७७९

गास्पारदादास, धाकट्या सिदोनीचा सा. न. वि. वि.

नमस्कार रीत म्हणून लिहिलाय, राग अजून गेलेला नाही. महिना झाला, पिंजरे करणाऱ्या कारागिराच्या मागे लागून तारेचे दोन मुखवटे करवून पाठवले. एक तुला, एक आंब्रुआझला. पोचल्याचं कळवायला काय हात दुखतात? सकाळी तलवार खेळल्याशिवाय पॅरिसच्या तुम्हा सरदारपुत्रांना चॉकलेट पचत नाही, हे मला माहीत आहे. खेळा बापडे! पण इस्टरनंतर माझं त्याच्याशी लग्न आहे. त्याचे डोळे बघून मी हो म्हटलं, आणि ते दोन्ही मला धड हवेत.

तुझ्या नव्या रेशमी कोटाचं ऐकून आईने कपाळाला हात लावला.

अजून तरी तुझ्यावर लोभ असलेली,
सिदोनी

पॅरिस, १२ फेब्रुवारी

चि. सिदोनीस दादाचे आशीर्वाद, आणि सोबत कानउघाडणी.

तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? आमच्या तालमीत मुखवटा घालणं म्हणजे समोरच्याला सांगणं, की बाबा रे, तुझ्या हाताचा मला भरवसा नाही. चेहऱ्यावर वार करायचा नाही, समोरचा सावरेपर्यंत थांबायचं, ही आमची सभ्यता. शिवाय तलवारी बोथट. आंब्रुआझ रोज माझ्याशीच खेळतो. माझ्यापुढे तो तोंड झाकून उभा राहिला, तर माझी काय किंमत राहिली? तरी दिला त्याला तुझा मुखवटा. पोट धरून हसला आणि नको म्हणाला. झालं समाधान? आता लग्नाच्या लेसकडे बघ, पुरुषांच्या खेळात नाक खुपसू नकोस.

आईला नमस्कार. लोभ आहेच, अक्कल तेवढी वाढव.

गास्पार

पॅरिस, ९ मार्च

चि. सिदोनीस आशीर्वाद.

कसं लिहू, कळत नाही. काल खेळताना आंब्रुआझचा पाय घसरला, तो पुढे आला आणि माझ्या तलवारीचं टोक त्याच्या डाव्या डोळ्यात गेलं. जिवावरचं टळलं, पण डोळा गेला. वैद्याने परवानगी दिली की त्याला तिकडे पाठवतो. त्याने हट्टाने तुझा मुखवटा नाकारला, त्याला मी तरी काय करू?

रागावू नकोस, लोभ ठेव.

गास्पार

रुआँ, २८ मार्च

गास्पारदादास,

नमस्कार मुद्दाम गाळलाय.

आंब्रुआझ आला. डोळ्यावर पट्टी, कसाबसा गाडीतून उतरला, आणि मी मेलीने त्यालाच फैलावर घेतलं! माझा मुखवटा हसण्यावारी नेलास ना, भोग आता, असं नाही नाही ते बोलले. मग त्याने हळूच विचारलं, कसला मुखवटा?

तू त्याला दिलाच नाहीस! तुझ्या हाताला कुणी नावं ठेवू नयेत, म्हणून माझ्या माणसाचा डोळा पणाला लावलास, आणि वर खापर त्याच्याच माथी फोडलंस? लाज कशी वाटली नाही रे? तुझ्या खोट्यापायी मी जखमी माणसाला तोडून बोलले.

आणि तो वेडा अजून तुझीच बाजू घेतोय. गास्पारचा हात चांगला, माझाच पाय चुकला म्हणतो. चुलीत घाल ती तुमची सभ्यता!

लग्न ठरल्या दिवशीच होईल. तू यावंस असं त्याला वाटतं, म्हणून बोलावते. चर्चमध्ये पुढच्या बाकावर बैस, सगळ्यांदेखत. फक्त तुझ्या वाटणीचा तो मुखवटा घालून ये. तुझं तोंड मला बघायचं नाही.

लोभाचं विचारशील, तर त्याचा आहे. तेवढ्यावर भागव.

सिदोनी