चांदणीचा सांगाडा

१२ फेब्रुवारी २००४
मुळशीतल्या उरवड्याच्या जनार्दनची वरातीची घोडी, चांदणी, काल गेली. त्याच्याच शेतात पुरली. मी शब्द दिला: दोन-तीन वर्षांनी सांगाडा काढून आमच्या व्हेटर्नरी कॉलेजात उभा करू, खाली तिचं नाव. सायेब, खरंच उभी ऱ्हाईल का, असं त्याने दोनदा विचारलं. ज्युनिअर मेधा म्हणाली, पाय जाळीत बांधून पुरू, बारीक हाडं हरवतात. अ‍ॅनाटॉमी तिला मीच शिकवली. बांधले नाहीत.

९ ऑक्टोबर २००६
दिवाळीनंतर नक्की खोदायचं. सध्या पेपर तपासणी. शिवाय कंबर.

३ मार्च २००७
विभागप्रमुखाची जागा निघतेय. सांगाडा उभा राहिला की माझीच. मेधाचा प्लॅन: फावडी, मग हातांनी, माती चाळून. म्हणजे आठवडा आणि निम्मं श्रेय तिला. जेसीबी सांगितला.

११ मार्च, रात्री
मेधा प्रॅक्टिकलमध्ये, जनार्दन लग्नाच्या सुपारीवर बाहेरगावी. मुद्दाम आजच गेलो. भावनिक माणसं कामात अडथळा आणतात. त्याची आई तुळजाबाई म्हणाली, पोरगं येऊ द्या की. थांबलो नाही.
काहीतरी कडकन वाजलं. ड्रायव्हर थांबला. दगड असेल म्हटलं, चालू दे. कवटी होती. कमरेचं हाडही दुभंगलं. खुरांकडची हाडं सापडलीच नाहीत.
तुळजाबाई बांधावर तोंडाला पदर लावून बसलेली. म्हणाली, मेल्यावर बी मारली का वो तिला.
तांत्रिक बाबी यांना समजावणं अवघड.

१४ मार्च
रिपोर्ट दिला: मुळशीच्या मातीने हाडं ठिसूळ झाली. मेधा म्हणाली, सर, भेगा ताज्या आहेत. प्राचार्यांसमोर म्हणाली. अनुभव कमी पडतो तिचा.

२६ मार्च
जनार्दन बायकोला घेऊन आला. इस्त्रीचे कपडे, हातात पेढे. मला नेमकं तेव्हाच स्टोअररूममध्ये काम निघालं. दाराआडून ऐकू येत होतं. आई म्हणती मोडली, पण सायेबांनी जोडली आसंल, असं तो मेधाला सांगत होता.
तिने हाडांची खोकी उघडून दाखवली. मग तो म्हणाला, द्या, परत पुरतो.
मी बाहेर येऊन नीट समजावणारच होतो. तोवर खोकी भरून त्याचा टेम्पो गेला.
पेढे माझ्यासाठी आणले होते म्हणे. परत घेऊन गेला. मला शुगर आहे, बरंच झालं.