बिनउंबऱ्याचं घर

४ मार्च
दुपारी फोन. टीव्हीवर देशातलं सर्वोत्तम घर निवडायची स्पर्धा आहे, त्यात आमचं अचलपूरचं घर शेवटच्या दहांत. अर्ज सूनबाईंनी, मृणालने भरलेला. घराचा नकाशाही तिचाच. आठ महिने झाले, ती अकोल्याला माहेरी आहे. अट अशी, की ज्याने घर आखलं त्यानेच ते दाखवायचं.

५ मार्च
सौ. म्हणाली, "नाई म्हणून सांगा त्याइले. घराले उंबरा नाई, लोकाइले काय दाखवता?" तीन वर्षं मृणालला हेच टोमणे. मी पेपरात तोंड घालून बसायचो. आमचा मुलगा निखिल ताटावरून उठून गेला.

८ मार्च
अकोटमार्गे एसटीने अकोल्याला. घरी सांगितलं नाही. मृणाल ऑफिसात भेटली. आधी विचारलं, "बाबा, बीपीची गोळी घेता ना?" मग बराच वेळ नकाशांच्या गुंडाळ्या सारख्या करत बसली. "येईन. घर दाखवीन. बाकी काही विचारू नका."
विचारायचं बरंच होतं.

१६ मार्च
शूटिंग. मृणाल पाहुणीसारखी दारात थांबली. कॅमेऱ्यापुढे मात्र नीट बोलली. काळ्या मातीत पाया किती खोल नेला, पश्चिमेला जाळीची भिंत कशाला. मग म्हणाली, "उंबरे मुद्दाम नाही ठेवले. आईंचे गुडघे दुखतात. पुढे पाय उचलणं जड जाईल."
सौ. ओट्याशी उभी होती. तिथूनच, "मले काहून नाई सांगतलं तू?"
"दुखतात हे तुम्ही कधी कबूल केलं, आई?"
कॅमेरावाल्याने नवराबायकोला झोपाळ्यावर बसायला सांगितलं. मृणाल म्हणाली, "ते नको." निखिल खाली बघत राहिला.
सामान आवरून ते लोक गेले. सौ. म्हणाली, "उन्हाची कुठी जातं? जेवून जाय." जेवली. चारच्या गाडीसाठी निखिलने स्टँडवर सोडलं. स्टँड दहा मिनिटांवर. परतायला त्याला दीड तास लागला. काय बोलणं झालं, विचारलं नाही.

२ एप्रिल
निकाल रविवारी. आज सौ.ने स्वतः अकोल्याला फोन लावला. "तिकडे एकटी नको पाहू. इकडे ये." तिकडून एवढंच, "पाहते, आई."
पाहते म्हणजे येते की नाही, सौ. मला तीनदा विचारून गेली. मला तरी काय माहीत. निखिल बाहेर गाडी पुसतो आहे.