खाणीमागचा जोडरस्ता क्र. २८६ मार्ग-नकाशातून काढण्याबाबत

प्रति,
मा. समन्वयक,
मार्गनिर्धारण कक्ष,
पश्चिम विभाग विद्यार्थी वाहतूक सहकारी संस्था,
पडेगाव, छत्रपती संभाजीनगर.

विषय : जोडरस्ता क्र. २८६ आजच बंद करणेबाबत.
संदर्भ : १) माझा दि. १० जुलै २०२५ चा अर्ज. २) आपले दि. २८ जुलैचे उत्तर.

महोदय,

१. मी मोजून दिलेल्या नकाशात २१४ चौक व थांबे आणि ३७१ जोडरस्ते आहेत. त्यांतील क्र. २८६, म्हणजे दगडखाणीमागचा १.३ कि.मी. कच्चा रस्ता, मी दि. २५ जून रोजी दुपारी चालून मोजला. शेऱ्यात 'अडथळा नाही' असे लिहिले. सही माझीच आहे.

२. सॉफ्टवेअर सर्वांत कमी अंतराचा मार्ग काढते. अंतराखेरीज मी त्याला दुसरे काही दिलेले नाही. या रस्त्याने १.९ कि.मी. वाचतात, म्हणून ७ जुलैपासून व्हॅन क्र. ३ सतरा मुलांना घेऊन रोज एकच्या सुमारास तेथून जाते. खाणीत सुरुंग उडवण्याची वेळही तीच आहे. लाल निशाण घेतलेला माणूस डांबरी रस्त्याच्या बाजूला उभा असतो, कारण मागून पूर्वी कोणी येत नसे.

३. मोजणीच्या दिवशी तेथे एवढी शांतता कशी होती, असे मी खाणीत खडी फोडणाऱ्या सारजाबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "अवसेला कोण सुरुंग लावतं बाई? खाण बंद राहती त्या दिवशी." २५ जूनला अमावास्या होती. मी पंचांग पाहिले नव्हते.

४. माझ्या अर्जावरून आपण फेरतपासणी केली, त्याबद्दल आभारी आहे. परंतु खाणीच्या व्यवस्थापकांनी काम बंद असेल त्याच दिवसाची परवानगी दिल्याने ती २४ जुलैला झाली. तीही अमावास्याच. अहवालात 'पूर्ण शांतता आढळली' असे असून मार्ग आता 'दोनदा तपासलेला, सुरक्षित' ठरला आहे. पुढील तपासणी २३ ऑगस्टला ठेवली आहे. त्या दिवशीही अमावास्या आहे.

५. व्हॅनचालक फकिरा यांनी दोनदा मुख्य रस्ता धरला, तेव्हा 'विनाकारण वळसा' म्हणून त्यांना नोटीस मिळाली. तिसऱ्यांदा कामावरून कमी करणार आहेत. काल त्यांनी मला फाट्यावर थांबवून विचारले, "ताई, रस्ता तुम्ही मोजला, लेकरं माझ्या गाडीत हायेत. वळू का नको, तेवढं सांगा." मंजूर नकाशात बदल करण्याचा अधिकार माझ्याकडे नाही. पाऊण वाजला की मी हातातले काम बाजूला ठेवते. व्हॅन पुढच्या थांब्यावर पोहोचल्याचे पडद्यावर दिसेपर्यंत मी नुसती बसून असते.

६. तरी हा रस्ता उद्याच्या फेरीपूर्वी बंद करावा. चुकीची नोंद माझी आहे. कारवाई करायची ती माझ्यावर करावी, चालकावर नको.

आपल्याच कक्षातील मोजणी सहायक,
(सही)
शैला कडूबा औताडे, बी.एस्सी. (गणित)
दि. ३१ जुलै २०२५

सोबत :
१) दि. २५ जूनच्या मोजणी-नोंदीची प्रत.
२) तिन्ही तारखांची पंचांगाची पाने.
३) आज सुरुंगानंतर मी केलेली मोजणी : रस्त्यावर पडलेले नवे दगड – ११. सर्वांत मोठ्याचे वजन – ४.२ किलो. पडल्याची जागा – व्हॅनच्या डाव्या चाकाच्या खुणेवर. व्हॅन त्या जागेवरून जाणे आणि सुरुंग उडणे यांतील अंतर – १ मिनिट ४० सेकंद.