अ‍ॅबनॉर्मल आहे, पण घाबरलेलो नाही

३ सप्टेंबर, गुरुवार
कंपनीची मेडिकल तपासणी झाली. ईसीजीच्या पट्टीवर मशीनने इंग्रजीत छापलंय: अ‍ॅबनॉर्मल. खाली बारीक अक्षरात आणखी दोन ओळी आहेत. त्या वाचल्या नाहीत. घाई होती.
घाबरलेलो नाही. सव्वीस वर्षं प्रेशर गेज तपासतोय. काटा जरा इकडेतिकडे झाला म्हणून हातपाय गाळणारा माणूस मी नव्हे. बायकोला सांगायचं नाही, उगाच काळजी करत बसेल.
नाडी ९६. जिना चढल्यामुळे. घर तळमजल्यावर आहे, पण कंपनीत जिना आहे.

४ सप्टेंबर, शुक्रवार
जाता जाता सहज फॅमिली डॉक्टरांना पट्टी दाखवली. दवाखाना उघडायच्या आधी वीस मिनिटं सहजच बाहेर उभा होतो.
ते म्हणाले, हा शब्द मशीनचा आहे, हे निदान नव्हे. छातीत दुखतं का, धाप लागते का, चक्कर येते का? सगळ्याला नाही म्हणालो. घरात कोणाला हार्टचा त्रास? दादाचं सांगितलं. माझा थोरला भाऊ, एक्कावन्न वर्षांचा असताना दाढी करता करता गेला. नळ चालूच राहिला होता.
डॉक्टरांनी पट्टी पुन्हा उचलून बघितली. मग म्हणाले, मंगळवारी हार्टच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन पुन्हा ईसीजी आणि इको करा. बहुतेक काही निघणार नाही. पुढे वायरींबद्दलही काहीतरी बोलत होते, पण मी 'बहुतेक'पाशीच अडकलो होतो.
संकल्प: मंगळवारी जायचं. इंटरनेटवर काही वाचायचं नाही.

५ सप्टेंबर, शनिवार, दुपार
एकच पान वाचलं. मग त्यातून उघडणारी अकरा. आता छातीत दुखतं, धाप लागते आणि चक्करही येते. शिवाय करंगळीला मुंग्या.

६ सप्टेंबर, रविवार
जेवून डाव्या कुशीवर पडलो तर उशीतून ठोके ऐकू आले. पलीकडून कोणीतरी दार ठोठावतंय तसे. कूस बदलली. तिकडेही तोच माणूस.
बायकोने विचारलं, काय झालं? म्हटलं, उशी खराब झालीय.

७ सप्टेंबर, सोमवार
नवी उशी आणली. आवाज तिच्यातही आहे. हल्ली उशा चांगल्या मिळत नाहीत.

८ सप्टेंबर, मंगळवार
गेलो नाही. ऐनवेळी बॉयलरचं गेज तपासायला आलं. साहेब म्हणाले, उद्या केलं तरी चालेल. पण आजचं काम उद्यावर ढकलणं माझ्या स्वभावात नाही.
पुढच्या मंगळवारी नक्की.

११ सप्टेंबर, शुक्रवार
शेजारच्या टेबलावर बसणाऱ्याला आम्ही 'पाना' म्हणतो. त्याने विचारलं, मघापासून गळ्याला बोटं लावून काय बसलायस? घसा बघतोय म्हणालो. तो म्हणाला, घड्याळाकडे बघून?
दाढी करणं बंद केलंय. वाढवावी म्हणतो, चांगली दिसेल. आरशाशी याचा काही संबंध नाही.

१५ सप्टेंबर, मंगळवार
मोठी प्रगती. हार्टच्या दवाखान्यापर्यंत पोहोचलो. आतल्या खोलीतून मशीनचा बारीक आवाज येत होता, एका लयीत. मध्येच लय चुकली असं मला वाटलं. बाकी कोणी मान वर केली नाही.
काउंटरवरच्या बाईंनी नाव विचारलं. म्हटलं, फक्त चौकशी करायची आहे. कसली? पार्किंग कुठे आहे, एवढं विचारून परत आलो. माझ्याकडे गाडी नाही.

१७ सप्टेंबर, गुरुवार
मोज्यांच्या खणात ठेवलेली पट्टी बायकोला सापडली. मी कामावरून आलो तेव्हा ती पलंगाच्या कडेला पट्टी मांडीवर घेऊन बसली होती. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.
तुला त्रास नको म्हणून सांगितलं नाही, म्हणालो.
ती म्हणाली, "पंधरा दिवस जेवताना गळ्याला बोटं लावून बसता. मला दिसत नाही का? तुम्ही आंघोळीला गेलात की मी बाहेर पाण्याचा आवाज ऐकत उभी असते."
यापुढे बाथरूमची कडी लावायची नाही असं ठरलं. मी तिच्यासाठी कबूल केलं.

२० सप्टेंबर, रविवार
आज एक्कावन्न पूर्ण. दादा आणि मी आता एका वयाचे. तो थोरला, पण तो तिथेच थांबलाय आणि मी मागून येऊन गाठलं. हे बरोबर वाटत नाही. लहानपणी शर्यतीत तो मुद्दाम हळू पळायचा, तसं काहीतरी.
दाढीने गाल खाजतात. आरशावर टॉवेल टाकलाय. सुकायला.

२२ सप्टेंबर, मंगळवार
गेलो नाही. पोट बिघडलं. खरंच बिघडलं. बायको म्हणाली, पुढच्या मंगळवारी मी रजा टाकते. तिची रजा फुकट जायला नको, असं म्हणालो. तिने तिथल्या तिथे रजेचा अर्ज लिहिला.

२९ सप्टेंबर, मंगळवार
बायकोने दंडाला धरून नेलं. रस्त्यात लोक बघत होते.
आधी ईसीजी, मग अंधाऱ्या खोलीत इको. पडद्यावर माझ्या हृदयाची झडप उघडझाप करत होती. एवढे दिवस मी त्याच्यावर पाळत ठेवून होतो आणि त्याला पत्ताच नव्हता.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हृदय चांगलं आहे. मग जुनी पट्टी मागितली. त्या दिवशी दोन हातांच्या वायरी उलट लावल्या होत्या. मशीनने तशी शंका खालच्या दोन ओळींत छापलेली. आणि हेही, की डॉक्टरांनी बघितल्याशिवाय हे निदान धरू नये.
गेज बाद म्हणून लाल स्टिकर लावण्याआधी जोडणी तपासायची. नव्या माणसांना पहिल्या दिवशी मीच हे शिकवतो.
बाई म्हणाल्या, "खरंच काही असतं, तर वाया गेलेले हे सव्वीस दिवस मला परत देता आले नसते." मग म्हणाल्या, भीतीवरही उपचार असतात, त्या डॉक्टरांची चिठ्ठी देते. मी म्हटलं, मला भीती वाटत नाही. चिठ्ठी बायकोने घेतली.

३० सप्टेंबर, बुधवार, संध्याकाळ
बायकोने वहिनीला फोनवर सांगितलं, सगळं नॉर्मल आहे. वहिनी म्हणाली, तोंडी नको, कागद दाखवा.
मी एकटाच गेलो. तिने चष्मा लावून ओळीवर बोट ठेवत रिपोर्ट वाचला. कळेना तिथे मला विचारलं. संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग उठून कपाटातून एक पिवळी पडलेली पट्टी आणली. दादाची. मरायच्या आधी आठ महिन्यांची. वर तोच शब्द. तिला तो म्हणाला होता, नॉर्मल आहे. पट्टी सापडली ती त्याचे कपडे आवरताना.
मागच्या बाजूला दादाचं अक्षर. 'सोमवारी नक्की.' खोडलेलं. खाली पुन्हा 'सोमवारी नक्की.' खोडलेलं. अशा नऊ ओळी. शेवटची खोडलेली नाही.
वहिनीने विचारलं, "भावजी, तुम्ही किती सोमवार घालवलेत?"
एकही नाही, म्हणालो. आणि ते खरं आहे. माझे मंगळवार होते.