अडीचनंतरचा फोन

प्रिय अश्वजित,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकला असशील. दोन वर्षं आपण बोललो नाही आणि आता एकदम पत्र. आधी मशीनचं सांगते, कारण ते सांगणं सोपं आहे.

गेल्या सोमवारी आपल्या मोताळ्याच्या लॅबमधल्या रक्त तपासायच्या मशीनने सातव्या महिन्यातल्या रुपालीचं हिमोग्लोबिन सहा दाखवलं. पोरगी टवटवीत, माझा विश्वास बसेना. स्वतःचं रक्त तपासलं, तर मीही सहा. मग रिपोर्ट थांबवले, नमुने बुलढाण्याला पाठवले. कंपनीला फोन केला तर कोणी नवाच माणूस म्हणाला, अपडेटची माहिती ग्राहक पोर्टलवर असते, तिथे बघा.

पासवर्ड तुझ्या जुन्या वहीत सापडला, पण ओटीपी तुझ्याच मोबाइलवर जाणार. मी आईला पुढे केलं. तिने सुनावलंच, "काऊन वं, तूच लाव ना फोन. भाऊ हाये तुहा, सायेब नाही." तरी लावला बिचारीने. तू काही न विचारता आकडे सांगितलेस. फोन स्पीकरवर होता. तुझा आवाज ऐकत बसले आणि आकडे टाकायचेच राहिले, दुसऱ्यांदा ओटीपी मागावा लागला तो त्यामुळे.

माहिती सापडली. मशीनला नव्या द्रावणाच्या बाटल्या लावण्याआधी तिचं अपडेट करायचं होतं आणि मी बाटल्या आधीच लावून बसले होते. आता सगळं ठीक आहे. रुपालीला परत बोलावलं, अकरा आलं.

पण त्याच पानावर खाली तुझी जुनी विनंती दिसली, तू पुण्याला गेलास त्याच आठवड्यातली. 'लॅबमध्ये ताई एकटी असते. तिला पोर्टल बघायला वेळ होत नाही. प्रत्येक अपडेट फोन करून सांगा. दुपारी अडीचनंतर करा, त्याआधी ती जेवलेली नसते. मी सांगितलंय हे तिला कळू देऊ नका.'

दोन वर्षं कंपनीच्या प्रतीक्षा मॅडम अडीचनंतरच फोन करायच्या. मी गावभर सांगत फिरले, कंपनी असावी तर अशी. मॅडमनी नोकरी सोडली आणि फोन थांबले, तेव्हा कुठे मला पोर्टल उघडावं लागलं.

तू निघालास तेव्हा मी म्हणाले होते की तुला ना लॅबचं पडलंय, ना माझं. ते माझं चुकलं, अश्वजित. हे एवढंच लिहायचं होतं, मशीनचं निमित्त. पोर्टलवर मोबाइल नंबर बदलायची सोय आहे. मी तुझाच राहू दिलाय. रविवारी अडीचनंतर फोन करते, जेवून. आई मध्ये नसेल. उचल.

तुझीच, भांडखोर
मंजुश्रीताई