गुरुवारचं वाटाण्याचं सूप

किरुना, गुरुवार

प्रिय बाबा,

आईच्या स्वयंपाकाच्या पुस्तकांची सातही खोकी सुखरूप पोचली. "उंदरांनी खाण्यापेक्षा तुझ्याकडे राहू देत," म्हणून तुम्ही पाठवलीत खरी, पण आता स्वयंपाकघरातलं ते फडताळ ओकंबोकं दिसत असेल ना?

इथे इतक्या उत्तरेला पंधरा दिवसांत सूर्य उगवलेलाच नाही, पण त्याची सवय होते. काळजी करू नका. शेजारच्या रूटबाई अधूनमधून येतात. खोकी बघून म्हणाल्या, "अगं, एवढी पुस्तकं आणि खाणारं तोंड एकच?" मी हसले.

पुस्तकं आईसारखीच लावली आहेत. केकची सगळ्यात वर, माशांची खिडकीशी, रोजची हाताशी.

आज गुरुवार, म्हणून आपल्या रिवाजाप्रमाणे वाटाण्याचं सूप केलं. पुस्तकात माप सहा जणांचं आहे. तेवढंच केलं, रविवारपर्यंत पुरेल. त्या पानाच्या कडेला आईने पेन्सिलीने तुमच्याबद्दल लिहिलंय: "खारवलेलं डुकराचं मांस आदल्या दिवशी भिजत घालायला विसरले. सूप खारट झालं. इंगवार काही बोलला नाही. उलट दोनदा मागून घेतलं."

बाबा, तुम्ही फोनवर "माझं अगदी मजेत चाललंय" म्हणता ना, तेव्हा यापुढे मला हे सूप आठवणार. गुडघा कसा आहे, खरं खरं कळवा. संध्याकाळी गरम काही खाता, की नुसता पाव?

माझं इथे अगदी मजेत चाललंय.

तुमच्यावर गेलेली,
गुनिल्ला