रक्तातला बाहेरख्यालीपणा

३ मार्च, सोमवार
सूनबाईने दोन पानं दिली. लस घेतलेल्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडी तिच्या प्रयोगशाळेत तपासायच्या आहेत. महिनाअखेरपर्यंत चाळीस माणसं हवीत, नाहीतर तिचं तीन वर्षांचं काम गुंडाळणार. एका पानावर लोकांसाठी माहिती, दुसऱ्यावर रिपोर्टचा कोरा नमुना. म्हणाली, बाबा, फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघा. ‘फक्त’ तीनदा म्हणाली. छत्तीस वर्षं मुद्रितशोधक होतो. माणूस जे बोलत नाही तेही मला वाचता येतं. बिचारीला खरी मदत हवी आहे, पण सासऱ्याकडे मागायचा संकोच.
पानं इंग्रजीने नुसती बरबटलेली. सगळे शब्द मराठीत आणणार. स्वतःही आजपासून एकही इंग्रजी शब्द वापरणार नाही. फायनल.

४ मार्च
तिचं जाडजूड पुस्तक काढलं. नऊशे बारा पानं. रोज तीस वाचणार. आज चार झाली, पण ती अवघड होती.
अँटिबॉडीला ‘प्रतिपिंड’ असा शब्द आधीपासून आहे. सौ.ला ऐकवला. तिने विचारलं, कोण गेलं? शब्द रद्द.

५ मार्च, स. ११
सापडला! चित्रात अँटिबॉडीने दोन हात वर केलेत. दोन्ही हातांच्या टोकाला खोबण, आणि तीत एक ठरावीकच पाहुणा बसतो. म्हणून ती दुहाती. आणि बाहेरून शरीरात घुसणारा तो पाहुणा, म्हणजे अँटिजेन, तो उपटसुंभ. सौ.ने विचारलं, हा टोमणा माझ्या भावाला का? नाही म्हणालो. थोडा होता.

दु. ४
पाहुणा खोबणीत किती घट्ट बसतो ती लगट. दोन्ही हातांनी धरला तर मगरमिठी. सुटला तर काडीमोड. आणि दुहातीने आपला ठरलेला सोडून त्याच्यासारख्या दिसणाऱ्या भलत्यालाच धरलं, म्हणजे ज्याला हे लोक क्रॉस-रिअ‍ॅक्शन म्हणतात, त्याला शब्द आपोआप आला: बाहेरख्यालीपणा. लिहून झाल्यावर पाच मिनिटं जागचा हललो नाही. मग चहा.

७ मार्च
सूनबाई दहा दिवस परिषदेला गेली. निघताना विचारलं, झालं का वाचून? म्हणालो, शब्दन्‌शब्द. छापखान्यात मीच पोचवतो. तिचा जीव भांड्यात पडला. छापखानेवाला जुन्या ओळखीचा. मजकूर वाचून म्हणाला, हे रक्ताचंच आहे ना नक्की? पहिल्यापासून चेष्टेखोर.

१० मार्च
पाचशे प्रती वाटल्या. दवाखाना, वाचनालय, इस्त्रीचं दुकान. ‘चमचाभर रक्तावरून लगट, मगरमिठी व बाहेरख्यालीपणा यांची मोफत तपासणी.’ फोन नंबर माझाच दिला. प्रयोगशाळेला त्रास नको.
पुस्तक: पान पाच.

११ मार्च
प्रतिसाद प्रचंड. दुपारपर्यंत तेवीस फोन, सगळे बायकांचे. विज्ञानाबद्दल पुरुष किती उदासीन आहेत! एकीने विचारलं, नवऱ्याला न सांगता तपासता येईल का? म्हणालो, बाई, सुई टोचल्यावर त्यांना कळेलच की. ती म्हणाली, त्यांना काही कळत नाही.

१२ मार्च
चाळीस पूर्ण! एका दिवसात! चाळीसही पुरुष, प्रत्येकाचं मनगट बायकोच्या हातात. मगरमिठी म्हणजे काय ते समक्ष पाहिलं. प्रयोगशाळेतल्या रक्त काढणाऱ्या बाई म्हणाल्या, स्वयंसेवक असे धरून आणलेले मी पहिल्यांदाच बघते.

१५ मार्च
पहिले दहा रिपोर्ट गेले. बाईंनी माझ्या छापील नमुन्यात आकडे भरले. इस्त्रीवाल्याची लगट कमी, बाहेरख्यालीपणा जास्त. त्याची बायको संध्याकाळी बॅग भरून माहेरी गेली. योगायोग.

१६ मार्च
इस्त्रीवाला घरी आला. म्हणाला, काका, सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत मी इस्त्री धरून उभा असतो, हे धंदे करू कधी? त्याला सगळं नीट समजावलं. मी दुहाती झालो, त्याला उपटसुंभ केलं आणि हात वर करून मिठी मारून दाखवली. तेवढ्यात सौ. बाहेर आली. आल्या पावली आत गेली.
ज्यांचा बाहेरख्यालीपणा ‘आढळला नाही’, ते एक गृहस्थ तर इस्त्रीवाल्यापेक्षा जास्त चिडले आहेत. मित्रमंडळींत मान खाली घालावी लागली म्हणतात.
उरलेल्या तीस जणांनी नावं काढून घेतली. दोघांनी रक्त परत मागितलं.
तात्पुरती अडचण.

१७ मार्च
सूनबाई परतली. चपला न काढता, दारातच उभी राहून पत्रक वाचलं. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, बाबा, दोन आठवडे राहिलेत. आणि आत जाऊन दार लावून घेतलं. ओरडली असती तर मला मुद्दे मांडता आले असते.
जेवताना सौ.ने वाढलं, पण ‘अहो’ म्हणाली नाही.
शब्द मुळात बरोबरच होते, असं इथे लिहायला घेतलं. पेन चालेना. रिफिल संपली असावी.

१८ मार्च
बसने दोन तास जाऊन इस्त्रीवाल्याच्या बायकोचं माहेर गाठलं. ओट्यावर पाय पसरून शेंगा सोलत बसली होती. मी हात वर करून सुरुवात केली, तर म्हणाली, राहू द्या काका, तुमच्या सूनबाईंचा काल फोन आला होता. एका मिनिटात कळलं. एका जंतूला ओळखणारं रक्त त्याच्यासारख्या दुसऱ्यालाही ओळखतं, एवढंच ना? मग ते चांगलंच की.
मी विचारलं, मग परत का नाही आलात?
म्हणाली, आठ वर्षांत पहिल्यांदाच तीन दिवस झाले, मला कुणी हाक मारली नाही. शुक्रवारी येते. त्यांना इतक्यात सांगू नका.
परतीच्या बसमध्ये मनात घोळत होतं, एक मिनिट. मला पाच दिवस लागले होते. अर्थात मी खोलात गेलो होतो.

२४ मार्च
सूनबाईचं नवं पत्रक. मला दाखवलं नाही, टेबलावर होतं. ‘तुमचं रक्त या आजाराला ओळखतं का, आणि किती घट्ट धरतं, ते आम्हाला बघायचं आहे. चमचाभर पुरे.’ इंग्रजी शब्द शोधला, नव्हता. अवघड मराठी शब्द शोधला, तोही नव्हता. ऱ्हस्व-दीर्घही सगळे बरोबर. फार वेळ हातात घेऊन उभा होतो.
ती रोज कामावरून आल्यावर दारोदार फिरते. सोबत इस्त्रीवाल्याची बायको असते.

३० मार्च
चाळीस झाले. एकवीस बायका, एकोणीस पुरुष, सगळे आपल्या पायांनी आले. सौ. ‘अहो’ म्हणाली. पुढे भाजी आणा म्हणाली, पण ‘अहो’ म्हणाली.

९ एप्रिल, संध्या. ५
सूनबाईने आपणहून काम दिलं. रिपोर्टची चाळीस पाकिटं, वर नावं-पत्ते. म्हणाली, बाबा, पत्ते एकदा तपासा आणि नीट बंद करून ठेवा, उद्या सकाळी पोस्टात टाकायची आहेत. ‘फक्त’ म्हणाली नाही. विश्वास परत बसला की माणसाची भाषा बदलते. कुठेही आपलं डोकं चालवायचं नाही, असं ठरवलं आहे. पत्त्यांत तीन चुका काढल्या. तिन्ही खऱ्या.

७.३०
चाळीसही बंद. कडेपर्यंत डिंक, वर चिकटपट्टी, त्यावर जाड पुस्तक ठेवून दाबली. एकही सुटायची नाही.

७.४०
सूनबाई प्रयोगशाळेतून आली. हातात कागदांचा गठ्ठा. पाकिटांकडे बघितलं, मग माझ्याकडे. खुर्ची ओढून शेजारी बसली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, बाबा, रिपोर्ट हे आहेत.